पोरगं डेंटिस्टला घाबरतं, साबुदाण्याच्या गोळ्या द्यायच्या का?

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. साबुदाण्याच्या म्हणजे होमिओपॅथीच्या, अकोनाईट, जेल्सेमियम, कॅमोमिला वगैरे थर्टी पॉवरच्या दोन-चार गोळ्या दिल्या तर मुलाचं काही बिघडत नाही, पण त्या गोळीतल्या औषधाने भीती जाते असं आजवर कोणी धड दाखवून दिलेलं नाही. भीती कमी होते हे मात्र खरं, बऱ्याच मुलांची होते, फक्त ती दुसऱ्याच कारणांनी होते आणि ती कारणं कळली की मग गोळी द्या नाहीतर देऊ नका, काम होतं. हे झालं शॉर्टमध्ये. आता ज्यांच्या हातात चहा आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

मी ठाण्यात नौपाड्याला मेडिकलवर बसतो. डॉक्टर नाही, फार्मसी केलंय. आमच्याकडे एका कपाटात होमिओपॅथीचाही माल असतो (त्याचं लायसन वेगळं काढावं लागतं, सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसतं) म्हणून दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ही चौकशी हमखास येते, कारण शाळा बुडायला नको म्हणून सगळ्यांच्या पोरांच्या दाढा सुट्टीतच भरायच्या असतात.

बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की होमिओपॅथी म्हणजे काहीतरी आपलं, घरगुती, जडीबुटीवालं. तर तसं नाही, ती जर्मनीतून आलेली आहे. सॅम्युएल हानेमान नावाचे डॉक्टर होते, त्या काळी डॉक्टर लोक जळवा लावायचे, रक्त काढायचे, पारा द्यायचे आणि हे सगळं बघून ते वैतागले होते. १७९० मध्ये त्यांनी सिंकोनाची साल, म्हणजे जिच्यातून पुढे क्विनाईन काढलं ती, स्वतःच खाऊन बघितली आणि त्यांना हिवताप आल्यासारखं वाटायला लागलं. त्यावर विचार करून १७९६ मध्ये त्यांनी मांडलं की जी वस्तू धडधाकट माणसात एखादं लक्षण उभं करते तीच वस्तू अगदी थोडी दिली तर आजारी माणसातलं तेच लक्षण घालवते. काट्याने काटा. गंमत म्हणजे जेन्नरने देवीची पहिली लस टोचली तेही १७९६ सालीच, एकाच वर्षात दोन डॉक्टरांनी दोन वाटा धरल्या. आणि हानेमानचे पेशंट इतरांपेक्षा बरे राहायचे यात नवल काही नाही, पेशंटचं रक्त काढण्यापेक्षा काहीच न करणं कधीही परवडलं.

आता 'अगदी थोडी' म्हणजे किती, सगळी भानगड इथे आहे. मूळ अर्काचा १ थेंब घ्यायचा, ९९ थेंब पाणी-अल्कोहोलमध्ये टाकायचा, बाटलीला ठरलेले झटके द्यायचे, हे झालं १ सी. त्यातला १ थेंब घेऊन परत ९९ मध्ये, २ सी. असं तीस वेळा केलं की तुमची थर्टी तयार होते आणि ती साखरेच्या गोळ्यांवर टाकून वाळवतात. हिशोब करून बघा. ४ सी ला तुम्ही सोसायटीच्या गच्चीवरच्या ५,००० लिटरच्या टाकीत एक थेंब टाकलेला असतो. १२ सी ला त्याच एका थेंबासाठी टाकी लागते अरबी समुद्रासारख्या चार-पाच समुद्रांएवढी. आणि त्यानंतर अजून अठरा वेळा पातळ करायचं बाकी असतं. केमिस्ट्रीत अव्होगाड्रोचा आकडा शिकलेला असेल तर आठवेल, साधारण १२ सी च्या आसपासच मूळ पदार्थाचा एकसुद्धा रेणू बाटलीत सापडायची शक्यता संपते. होमिओपॅथीवाले हे नाकारत नाहीत, त्यांचं म्हणणं असतं की झटक्यांनी औषधाची शक्ती पाण्यात उतरते आणि जितकं पातळ तितकं पॉवरफुल, म्हणून तर टू हंड्रेड ही थर्टीपेक्षा 'हाय पॉवर'.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की अहो आयआयटीने सिद्ध केलंय. तर पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१० साली एक पेपर काढला होता हे खरं आहे, धातूंपासून बनवलेल्या हाय पॉवरच्या औषधांत त्या धातूचे अतिसूक्ष्म कण दिसले असं त्यात होतं. ठीक आहे, दिसले असतील. पण बाटलीत कण दिसणं वेगळं आणि त्या कणांनी सहा वर्षांच्या मुलाची इंजेक्शनची भीती जाणं वेगळं, आणि भीतीसाठी जी देतात त्यातली अकोनाईट, जेल्सेमियम, कॅमोमिला, पल्सेटिला ही तर सगळी झाडंच आहेत, धातू नाहीत. मोठ्या पातळीवर सगळे अभ्यास गोळा करून तपासलं गेलंय ते ब्रिटनच्या संसदेच्या विज्ञान समितीने २०१० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये, आणि दोघांचंही म्हणणं हेच की नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त काही होतं असा भरवशाचा पुरावा नाही. फ्रान्समध्ये तर होमिओपॅथी घराघरात चालते, तिथेही २०२१ पासून सरकारने तिचे पैसे भरून देणं बंद केलं.

'पण आपल्याकडे सरकारमान्य आहे ना?' आहे की. बीएचएमएस ही डिग्री आहे, आयुष मंत्रालय आहे, २०२० मध्ये होमिओपॅथीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला. त्याच वर्षी करोनात अर्सेनिक अल्बम थर्टीच्या बाटल्या सोसायटीसोसायटीत वाटल्या गेल्या, माझ्या घरातही एक अजून पडलेली असेल. मान्यता म्हणजे कोणी प्रॅक्टिस करायची, शिक्षण काय हवं याचे नियम. एखादी गोळी अमुक भीतीवर चालते का हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग लोकांना गुण का येतो? कारण येतो, मी रोज ऐकतो. 'दादा, तुमच्या त्या गोळीने काय शांत बसला माहितीये!' बाई खोटं बोलत नसतात. एक तर भीती ही सगळ्यात जास्त असते आदल्या रात्री आणि वेटिंगमध्ये, खुर्चीत बसल्यावर बऱ्याच मुलांची ती आपोआप उतरते, गोळी घेतलेली असो नसो. दुसरं म्हणजे गोळी दिली की आईला वाटतं आपण काहीतरी केलं, तिचा आवाज खाली येतो, हात सैल होतो, आणि मूल डॉक्टरकडे बघतच नसतं, ते आईकडे बघत असतं. आईच्या घाबरण्याचा आणि मुलाच्या खुर्चीतल्या वागण्याचा संबंध असतो हे डेंटिस्ट लोकांनी १९६० च्या दशकापासून तपासलेलं आहे. (बाबांनाही लागू, बाबा फक्त ते 'मला कॉल आलाय' म्हणून बाहेर जाऊन लपवतात.) तिसरं, गोळी गोड असते, जिभेखाली ठेवायची असते, दर पंधरा मिनिटांनी चार मोजायच्या असतात, म्हणजे मुलाच्या हाताला काम मिळालं. आणि चौथी गोष्ट मला दुकानात बसून कळली, ज्यांचं काम झालं ते येऊन सांगतात, ज्यांच्या पोराने डॉक्टरचं बोट चावलं ते येऊन सांगत नाहीत, ते पुढच्या वेळी दुसऱ्या मेडिकलमधून दुसरी बाटली घेतात.

एवढं सगळं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल हा माणूस होमिओपॅथीच्या विरोधात आहे. तसं नाही हो. माझं म्हणणं आहे की त्यांची गोळी बाजूला ठेवा आणि त्यांचं बघणं घ्या. चांगला होमिओपॅथ अर्धा तास मुलाबद्दल प्रश्न विचारतो, घाम कुठे येतो, झोपेत बोलतो का, एकटं राहतं का, आणि भीतीची जी वर्णनं त्यांच्या पुस्तकांत आहेत ती भीतीसाठी इतकी अचूक आहेत की मी ती कोणत्याही आईबापाला वाचायला देईन. त्यांच्या हिशोबाने अकोनाईटचं मूल म्हणजे एकदम भडका उडणारं, घरून हसत येईल आणि आतून मशीनचा आवाज आला की किंचाळत जिन्यात. जेल्सेमियमचं मूल गप्प, आदल्या दिवसापासून जेवण कमी, हात गार, गुडघे थरथरतात, सारखी शू लागते, पण तोंडातून शब्द नाही. अर्जेंटम नायट्रिकमचं मूल प्रश्नांनी जीव खातं, किती वाजता निघायचं, किती वेळ लागेल, सुई केवढी असते, आणि नेमकं निघताना पोट बिघडतं. कॅमोमिलाचं मूल चिडलेलं, हे दे म्हणेल आणि दिलं की भिरकावेल, कडेवर घेऊन फिरवलं तरच शांत. पल्सेटिलाचं रडूबाई, आईचा पदर सुटत नाही.

आपलं पोर यातलं कुठलं ते तुम्हाला आत्ता वाचता वाचताच कळलं असेल. आता बाटलीऐवजी यावर दुसरं काय करता येतं ते बघू, कारण प्रत्येकाला वेगळं लागतं.

किंचाळणाऱ्याला नडतो तो आवाज आणि अचानकपणा. त्याच्यासाठी सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, म्हणजे वेटिंगमध्ये बसून दुसऱ्या मुलांचं रडणं ऐकायला लागणार नाही आणि तोवर ते थकलेलंही नसतं. आणि शक्य असेल तर त्याच्या आधी एकदा नुसतं भेटायला जायचं, काही न करता, खुर्ची वरखाली करून, परत यायचं. खरं तर पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दात दाखवून आणा असंच लहान मुलांचे डेंटिस्ट सांगतात, पण आपण जातो ते गाल सुजल्यावर, म्हणजे मुलाच्या डोक्यात डेंटिस्ट आणि ठणका हे एकत्रच फिट्ट बसतं.

प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरं द्या, बास. 'काही नाही होत' हे उत्तर नाही. आधी आरशाने बघतील, मग दाढेवर जेल लावतील, मग दाढ झोपेल, मग गुरगुर आवाज येईल आणि पाणी उडेल, मग सिमेंट भरतील, दोन कार्टून एपिसोडएवढा वेळ लागेल. एवढं क्रमाने कळलं की या मुलांचा अर्धा जोर ओसरतो. इंजेक्शन आहे का असं थेट विचारलं तर नाही म्हणून खोटं बोलू नका, 'दाताला झोपवायला डॉक्टरकाकू औषध देतात, चिमटा काढल्यासारखं होतं, मी दहा मोजेपर्यंत संपतं' म्हणा. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढची दहा वर्षं तुमचं काही ऐकणार नाही.

चिडलेल्याचं बघा, त्याला बहुतेक वेळा भीती कमी आणि दुखणं जास्त असतं. दोन रात्री झोप नाही झाली की मोठा माणूसही भिरकावतो. तिथे भीतीची गोळी शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरला फोन करून दुखणं थांबवायचं वजनाप्रमाणे औषध विचारा आणि तारीख अलीकडे आणा. आणि पदर न सोडणारं मूल तीन वर्षांखालचं असेल तर डॉक्टरला सांगा मांडीवरच तपासा. त्यात डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईकडे तोंड करून बसवतात आणि मागे झोपवतात, डोकं डॉक्टरच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेशी, म्हणजे त्याला सगळा वेळ आईच दिसते. दोन मिनिटांत दात बघून होतात.

पण मला सगळ्यात काळजी वाटते ती गप्प मुलाची. कारण त्याला सगळे शहाणं म्हणतात. 'आमचा बघा किती धीट, एकदा रडला नाही', आणि तो आतून थिजलेला असतो. तिसऱ्या व्हिजिटला अचानक तोंडच उघडत नाही आणि मग सगळ्यांना आश्चर्य. डेंटिस्ट लोक केसपेपरवर मुलाचं वागणं प्लस-मायनसमध्ये लिहितात, दोन प्लस, एक प्लस, एक मायनस, दोन मायनस, ती १९६२ पासूनची फ्रँकल नावाची स्केल आहे, पण हे मूल त्यात कधी कधी फसवून प्लस मिळवून जातं. याच्यासाठी हात वर करायची खूण ठरवून घ्या. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार, आणि एकदा मुद्दाम करून बघायचा, डॉक्टर खरंच थांबतात हे त्याला दिसलं पाहिजे. बोलता न येणाऱ्या मुलाच्या हातात ब्रेक आला की त्याचे खांदे खाली येतात, हे डोळ्यांनी दिसतं.

मी हे बघितलं ते माझ्या भाचीच्या वेळी, घोडबंदरला एका पेडोडॉन्टिस्टकडे. पेडोडॉन्टिस्ट म्हणजे लहान मुलांच्या दातांत एमडीएस केलेले. त्या मॅडमनी आधी छोट्या ब्रशची फिरकी भाचीच्या नखावर फिरवली, 'बघ, गुदगुल्या', मग स्वतःच्या नखावर तिला फिरवायला दिली, मग पाण्याचा फवारा तिच्या तळहातावर, मग सक्शनच्या नळीने तेच पाणी सुर्रकन ओढून घेतलं. ती म्हणाली परत करा. तीन-चार वेळा परत केलं. मग म्हणाल्या, आता तुझ्या दाढेला अशीच आंघोळ घालू का. सांगायचं, दाखवायचं, मग करायचं, या क्रमाला जगभर टेल-शो-डू म्हणतात, १९५९ पासून शिकवतात. दिसायला पोरखेळ, पण मुलांच्या दवाखान्यात रोजच्या वापरातलं सगळ्यात कामाचं औषध हेच आहे आणि त्याला ना बाटली लागते ना लेबल.

याच्या उलट बाजू दुकानात दिसते. एक ताई आल्या, मागे सहा-सात वर्षांचा मुलगा, तो आमच्या वजनकाट्यावर एक पाय ठेवून काटा हलवत होता, मजेत. ताई म्हणाल्या, "दादा, अकोनाईट थर्टी आहे का? उद्या याची दाढ काढायचीये, इंजेक्शन देणारेत ना, मला तर रात्रभर झोप येणार नाहीये, मागे माझी काढली तेव्हा काय रक्त आलं होतं." काटा हलायचा थांबला. मी बघितलं तर पोराने पाय खाली घेतलेला आणि तो आईच्या ओढणीचं टोक धरून उभा. मी म्हटलं, "ताई, गोळी देतो, पण आधी त्याला जरा बाहेर उभं करा आणि मग काय ते सांगा." त्यांना राग आला असेल, पण बाटली कितीही पॉवरची दिली असती तरी त्या दोन वाक्यांवर उतारा नव्हता. सुई, रक्त, काढणार, कापणार, दुखणार हे शब्द फोनवर मावशीशी बोलतानाही मुलासमोर नको, मुलांचे कान तेव्हाच जास्त चालतात. आणि 'ब्रश केला नाहीस तर डॉक्टरकडे नेऊन टोचायला लावीन' हे वाक्य तर प्रत्येक घरात आहे, मग डॉक्टरकडे जायची वेळ आली की त्याने का घाबरू नये?

आता डॉक्टरकडच्या खऱ्या औषधांबद्दल थोडं. सुईच्या आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावून एक-दोन मिनिटं थांबलं की टोचणं बरंच कमी जाणवतं (बेंझोकेनवालं जेल मात्र दोन वर्षांखाली नको, आणि दात येताना घरी आणून लावायचं तर मुळीच नाही). ज्यांना कशानेच जमत नाही त्यांच्यासाठी लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, नाकावर छोटा मास्क, ऑक्सिजनबरोबर देतात, मूल जागं राहतं, बोलतं, फक्त हलकं हलकं वाटतं, आणि काम झालं की पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन देऊन घरी. दातांसाठी हा गॅस १८४४ मध्ये होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने पहिल्यांदा स्वतःवर वापरून घेतला, स्वतःचीच दाढ काढून घेतली. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही, तारीख बदलून घ्या. त्याच्या पुढची पायरी मिडाझोलमसारखं झोपेचं औषध आणि त्याच्याही पुढे पूर्ण भूल, पण ते उपाशीपोटी, मॉनिटर लावून, ट्रेनिंग असलेल्या माणसांसमोरच.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. अर्जेंटम नायट्रिकम म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, चांदीचं संयुग. होमिओपॅथीत ते इतकं पातळ करतात की शोधून सापडू नये आणि मग भीतीवर देतात. डेंटिस्टकडे चांदीचंच दुसरं एक संयुग असतं, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, तेही ३८ टक्के म्हणजे चांगलं तिखट, ते किडलेल्या दुधाच्या दाढेवर ब्रशने नुसतं लावतात, मशीन नाही, सुई नाही, आणि बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो हा तोटा, पुढच्या दातांना आया नको म्हणतात, पण मागच्या दाढेला कोण बघतंय. म्हणजे चांदीने पोराची भीती कमी होते, फक्त ती अशी. सुई-मशीनशिवाय दाढेवर स्टीलची कॅप दाबून बसवायचीही एक पद्धत आहे, हॉल टेक्निक म्हणतात. डॉक्टरला विचारा, प्रत्येक कीड काही कोरावीच लागते असं नाही.

'दुधाचीच तर दाढ आहे, पडणारच' म्हणून गोळ्यांवर वेळ काढणारेही खूप. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, आणि सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते, कुठलाही दात न पडता येते म्हणून आईबापांना कळतच नाही. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही असेल तर होमिओपॅथी, लवंग, काहीही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

गोळी द्यायचीच असेल तर थर्टी द्या, डायल्यूशन. मदर टिंक्चर म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, तो अजिबात नाही. अकोनाईट म्हणजे आपला बचनाग, जालीम विष, थर्टीत तो उरत नाही म्हणून सुरक्षित, पण मदर टिंक्चरमध्ये तो खराच असतो आणि वर अल्कोहोल. कमी पॉवरचं आणि नीट न बनवलेलं काय करू शकतं ते अमेरिकेत दिसलं, दात येणाऱ्या बाळांच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण वेडंवाकडं, कधी लेबलच्या कितीतरी वर निघालं आणि तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियामकाने, २०१७ मध्ये त्या देऊ नका म्हणून जाहीर सांगितलं. ते बाख फ्लॉवरचे, म्हणजे फुलांच्या अर्काचे, थेंब मागतात काही जण, त्यात ब्रँडी असते हे माहीत असू द्या. जे काय द्याल ते डेंटिस्टला सांगा, आणि भूल असेल तर उपाशी म्हणजे उपाशी, 'साखरेच्या चारच गोळ्या होत्या' हेसुद्धा विचारूनच.

होमिओपॅथीपेक्षा मला धास्ती आहे ती दुसऱ्या मागणीची. 'दादा, ते सर्दीचं सिरप द्या, ते घेतलं की झोपतो, म्हणजे डॉक्टरला त्रास नाही.' हे कधीही, कुठल्याही मुलाला करू नका. अशा सिरपमध्ये असणारं प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांखाली द्यायचंच नसतं, श्वास मंदावतो, आणि मोठ्या मुलालाही अर्धवट गुंगीत तोंडात पाणी नि सुई घालणं हे डॉक्टरसाठी जास्त धोक्याचं. मी देत नाही. भांडतात लोक, तरी देत नाही.

खर्चाचं टेन्शन असेल तर डेंटल कॉलेजमध्ये मुलांचा वेगळा विभाग असतो आणि प्रायव्हेटपेक्षा बरंच कमी लागतं. नवी मुंबईत नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एमजीएम, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ काही लांब नाही. वेळ मात्र जास्त जातो, शिकणारी मुलं असतात, दोनदा-तीनदा बोलावतात, पण खरं सांगू का, घाबरट मुलाला ते उलट बरं पडतं, तीच ताई दर वेळी दिसते, ओळख होते.

आणि काम झाल्यावरचं एक. बधिर केलेला ओठ दोन-तीन तास तसाच राहतो, मुलांना तो रबरासारखा वाटतो आणि ती मजेत चावत बसतात. तेवढा वेळ शेजारी बसा, खायला देऊ नका, फार तर थंड दूध. दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप मोबाईलवर फोटो घेऊन येतात, ओठ टम्म सुजलेला, आतून पांढरा-पिवळा, 'दादा पू झालाय, डॉक्टरने काहीतरी बिघडवलं, अँटिबायोटिक द्या'. तो पू नसतो, चावल्याची जखम भरताना तशीच दिसते. तिखट-आंबट बंद ठेवा, आठ-पंधरा दिवसांत भरून येतं. ताप आला किंवा सूज वाढतच गेली तर मात्र फोटो मला नाही, डॉक्टरला दाखवा.